बेज रंग कार्डावर झकास, भिंतीवर मळकट: असं होऊ नये म्हणून कामाचा क्रम

बेज म्हणा, बिस्किट कलर म्हणा, बदामी म्हणा, सध्या संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंत ज्याच्या त्याच्या घरात हाच रंग लागायलाय आणि लावून झाल्यावर तक्रारी पण त्याच त्या. कुणी म्हणतं पिवळा आला, कुणी म्हणतं गुलाबी मारतोय, कुणाच्या भिंतीला पहिल्याच पावसाळ्यात फुगे आले आणि पोपडे निघाले. दोष रंगाला आणि पेंटरला दिला जातो पण बहुतेक ठिकाणी घोळ क्रमाचा असतो. लोक आधी शेड ठरवतेत, मग डबे आणतेत, मग पेंटर शोधतेत आणि भिंतीत ओल आहे हे पुट्टी ओढायला सुरुवात झाल्यावर कळतं, तोवर पाहुणे यायची तारीख जवळ आलेली असते.

हे सगळं उलटं करा. आधी भिंत, मग पुट्टी-प्राइमर, आणि शेड सगळ्यात शेवटी. का ते सहाव्या टप्प्यात येईलच.

टप्पा १: वेळ ठरवा (दिवाळीचा हट्ट सोडा)

आपल्याकडं रंग म्हणजे दिवाळीच्या आधी, हे ठरल्यासारखंच आहे. पण परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत लांबतो आणि चार महिने पाणी पिलेली बाहेरच्या बाजूची भिंत आठ-पंधरा दिवसांत वाळत नाही, वरून कोरडी दिसते आणि आत ओली असते. त्यावर पुट्टी ओढली की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं आणि तुमचा नवीन रंग घेऊनच बाहेर येतं.

चांगला काळ म्हणजे दिवाळी उरकली की तिथून येळवशीपर्यंत (म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली वेळ अमावस्या) आणि पुढं फेब्रुवारी-मार्च. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की पश्चिमेची भिंत दुपारी हात लावू देत नाही, रंग रोलरवरून उतरता उतरताच वाळतो आणि पट्टे पडतेत. लग्न मे महिन्यातच असंल तर इलाज नाही, पण मग काम सकाळी लवकर सुरू करून अकरा-साडेअकराला थांबवायचं, आणि पश्चिमेची भिंत तर सकाळीच संपवायची.

नवीन प्लास्टर असंल तर पाणी मारणं बंद केल्यावर कमीत कमी २८ दिवस भिंतीला हात लावू नका. पावसाळ्यात प्लास्टर झालं असंल तर अजून थांबा.

इशारा: दिवाळीच्या आधीच करायचं असा घरातून दबाव असंल तर आतल्या मधल्या भिंती करा, बाहेरच्या बाजूच्या भिंती तशाच ठेवा. अर्धं काम बघायला बरं दिसत नाही हे खरं, पण फुगलेला रंग त्याहून वाईट दिसतो.

टप्पा २: ओल आणि खार शोधा

या टप्प्यावर लई लोक घाई करतेत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला हवाबंद चिकटवा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतली हवा दमट आहे, भिंत नाही. हे एकाच ठिकाणी करून उपयोग नाही. फरशीपासून एक फुटावर, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, खिडकीच्या खाली आणि स्लॅबच्या कोपऱ्यात असं चार ठिकाणी करा.

भिंतीवर पांढरी भुकटी किंवा कापसासारखी बुरशीगत वाढ दिसली तर बोटानं चोळून बघा, कोरडी आणि खरखरीत लागली तर ते क्षार आहेत. आपल्याकडं बऱ्याच भागात बोअरचं पाणी जड, त्याच पाण्यात प्लास्टर कालवलेलं आणि तेच पाणी भिंतीवर मारलेलं, म्हणजे खार भिंतीतच बसलाय आणि ओल मिळाली की तो वर येतो. तो कोरड्या कडक ब्रशनं झाडून काढायचा, पाण्यानं धुवायचा नाही, धुतला की विरघळून परत आत जातो आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर.

ओलीचं मूळ कुठं असतं तर न्हाणीचा पाइप, गच्चीचा उतार, कठड्याची चीर, आणि एक गोष्ट जी कुणी बघतच नाही ती म्हणजे अंगण. दर काही वर्षांनी अंगणात मुरूम टाकायचा, वर फरशी टाकायची, परत पेव्हर ब्लॉक टाकायचे, असं करत करत अंगणाची लेव्हल जोत्याच्या वर जाते आणि पावसाचं पाणी सरळ भिंतीत मुरतं. आत दोन-तीन फुटांपर्यंत ओलीची आडवी रेघ दिसत असंल तर आधी बाहेर जाऊन लेव्हल बघा. ती खाली करा, खालचं खराब प्लास्टर ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत काढा, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून नवीन करा आणि वाळू द्या.

इशारा: मूळ बंद न करता आतून नुसता डॅम्पप्रूफ कोट मारला तर ओल जात नाही, वर सरकते. रेघ दोन फुटांवर होती ती चारवर दिसायला लागते.

गावाकडं माळवदाचं घर असंल, पांढऱ्या मातीच्या भिंती असतील, तर हा लेख तिथं लागू नाही. अशा भिंतीवर प्लास्टिक पेंट लावायचाच नाही, भिंतीला ओल बाहेर टाकता येत नाही आणि माती आतून सुटते. चुन्यात थोडी पिवडी आणि चिमूटभर गेरू टाका, इतका सुंदर बेज येतो की डब्यातल्याला येणार नाही.

टप्पा ३: तडे

आपल्या काळ्या मातीचा स्वभाव माहीतच आहे, उन्हाळ्यात शेतात भेगा पडतेत आणि पावसात मिटतेत, तीच जमीन पायाच्या खाली पण आहे. म्हणून तडा दिसला की लगेच भरू नका, आधी तो हलतोय का बघा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांनी तडा रेघेच्या पुढं गेला असंल तर तो जिवंत आहे, पुट्टीनं भरला तरी फुटणार.

केसागत बारीक तडे पुट्टीतच जातेत, त्यांचं टेन्शन नको. त्याहून मोठा असंल तर पत्र्याच्या (पुट्टी ओढायच्या पातीच्या) टोकानं इंग्रजी व्ही सारखा उघडा, धूळ झाडा, क्रॅक फिलर दाबून भरा, बसला की परत एक हात द्या. कॉलम आणि विटांच्या जोडावर उभा तडा असंल तर वरून फायबरची जाळी लावा. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एक रुपयाचं नाणं आरामात आत जाईल असा तडा असंल तर पेंटरला नाही, इंजिनिअरला बोलवा.

टप्पा ४: जुना रंग काढा

तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पीठ लागलं तर चुना किंवा ड्राय डिस्टेंपर आहे, तो पाणी मारून, भिजवून, पूर्ण खरवडून काढायचा. वरवर घासून त्यावरच पुट्टी ओढली तर पुट्टी भिंतीला नाही, त्या पिठाला चिकटते. हाताला काही लागत नसंल तर चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा, रंगाचे तुकडे निघाले तर तेवढा भाग खरवडा, नाही निघाले तर १८० नंबरच्या पेपरनं घासून चमक मारली तरी पुरे.

जुन्या घरांत खाली चार फूट ऑइल पेंटचा पट्टा असतो, दारं-खिडक्यांना पण तोच. भारतात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१७ पासून लागू झाला, त्यामुळं त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं असं धरूनच चाला. कोरडं घासायचं नाही, ओला पेपर वापरायचा, मास्क लावायचा, लेकरं आणि गरोदर बाई असंल तर त्या दिवसांत दुसऱ्या घरी. भुगा झाडूनं झाडू नका, ओल्या फडक्यानं उचला.

विजेच्या बोर्डांची झाकणं काढताना आधी एमसीबी खाली, म्हणजे लाइट बंद.

टप्पा ५: पुट्टी आणि प्राइमर

आधी पुट्टी का आधी प्राइमर यावर पेंटर मामा लोकांचे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही बरोबर असू शकतेत, कारण पुट्ट्या दोन आहेत. पोत्यात भुकटी येते ती सिमेंट पुट्टी, ती थेट प्लास्टरवर जाते. डब्यात तयार लगदा येतो ती ॲक्रिलिक पुट्टी, तिच्या खाली प्राइमर लागतो. दोन्हींच्या वर मात्र प्राइमर लागतोच, इथं तडजोड नाही.

सिमेंट पुट्टी ओढायच्या आधी भिंतीवर हलकं पाणी शिंपडा. आपल्या उन्हात हे विसरलं की तापलेली भिंत पुट्टीतलं पाणी ओढून घेते, पुट्टी बसतच नाही आणि नंतर नख लावलं की पावडर निघते. कालवायला पिण्याचं स्वच्छ पाणी घ्या, खारं पाणी नको, नाहीतर दुसऱ्या टप्प्यात जो खार झाडून काढला तोच परत स्वतःच्या हातानं भिंतीत घातला असं होईल. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच, आणि दोन-अडीच तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झालेल्या पुट्टीत परत पाणी घालून ती चालवायची सवय लई जणांना आहे, ती पुट्टी वाळून कमजोर होते, तिथं उभं राहून नाही म्हणा.

दोन हात पुरेत. दोन्ही मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास, त्याच्या वर नको. भिंतीत मोठा खड्डा असंल तर तो प्लास्टरनं भरायचा असतो, पुट्टीनं नाही. पहिला हात वाळल्यावर सुटे कण काढून दुसरा, आणि दुसरा रात्रभर वाळल्यावर ३२० नंबरच्या पेपरनं घासाई. इथं घरात किती धूळ होते ते सांगून कळणार नाही, कपाटांना आणि देवघराला आधीच प्लास्टिक गुंडाळा.

तपासा: रात्री खोलीतले दिवे बंद करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून धरा आणि उजेड भिंतीवरून आडवा सोडा. दिवसा सपाट दिसणारी भिंत लगेच चुगली करते, पत्र्याच्या रेघा, खड्डे, उंचवटे सगळं सावलीसकट दिसतं. पेन्सिलनं गोल करा आणि सकाळी पेंटरला दाखवा. गडद रंगात किंवा टेक्श्चरमध्ये हे थोडं खपून जातं, फिक्या बेजमध्ये खिडकीच्या शेजारची भिंत रोज सकाळी तुम्हाला हेच दाखवत राहील.

मग धूळ कोरड्या फडक्यानं पुसून प्राइमरचा एक हात. प्राइमरमध्ये पाणी किती ते डब्यावर आहे, मग्यानं मोजून घालायला लावा. अंदाजानं घातलं की ते हळूहळू ताकावर जातं. प्राइमर वाळल्यावर परत एकदा टॉर्च, राहिलेल्या जागा भरा, घासा, आणि तेवढ्या जागेवरच परत प्राइमर. हे ठिगळ प्राइमरशिवाय सोडलं तर तिथं रंग जास्त शोषला जातो आणि वेगळा डाग दिसतो.

टप्पा ६: आता शेड

आता भिंत पांढरी, सपाट, कोरडी आहे, आता शेड बघायला अर्थ आहे. जुन्या हिरव्या किंवा निळ्या भिंतीला कार्ड लावून बेज निवडणं म्हणजे फसवणूक, शेजारचा रंग डोळ्याला चकवतो आणि हिरव्याच्या शेजारी कुठलाही बेज गुलाबी वाटतो.

बेज कधीच नुसता बेज नसतो, त्याच्या पोटात पिवळा, गुलाबी, हिरवा किंवा राखाडी असतो. कार्ड नुसतं बघून ते कळत नाही, म्हणून कोरा पांढरा कागद शेजारी ठेवा, लगेच पोटातला रंग वर येतो. उबदार बेज पाहिजे तर पिवळ्या किंवा हलक्या गुलाबी पोटाचा, राखाडी पोटाचा घेतला तर घर थंड दिसंल.

मग फरशी बघा, कारण ती बदलणार नाही. शहाबादी फरशी निळसर राखाडी असते, तिच्यावर पिवळसर बेज छान उठतो पण लई पिवळा घेतला तर फरशी अजून निळी दिसते. कोट्याच्या फरशीत हिरवट झाक असते, तिथं गुलाबी पोटाचा बेज हमखास भांडतो, तिथं पिवळसर किंवा किंचित हिरवट घ्या. क्रीम कलरच्या व्हिट्रिफाइड टाइल असतील तर भिंत टाइलपेक्षा स्पष्ट गडद किंवा स्पष्ट फिकी पाहिजे, जवळपास पण जुळत नाही असा रंग लागला की टाइलच मळकी वाटते.

आणि लाइट. आपल्याकडं बहुतेक घरांत ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेड पिवळा का निळसर त्याचा आकडा) पांढरीफट्ट ट्यूब असते, तिच्या निळसर उजेडात उबदार बेज मेल्यासारखा दिसतो. २७०० ते ३००० केल्विनच्या दिव्यात तोच पिवळाजर्द. ४००० च्या आसपासचा दिवा बेजला सगळ्यात चांगला निभावतो. रंगावर हजारो रुपये घालवायच्या आधी हॉलमध्ये एक दिवा बदलून बघा, कधी कधी जुना रंगच आवडायला लागतो.

तीन शेडचे, मिळतेत त्यातले सगळ्यात लहान डबे आणा. प्रत्येकाचा दोन बाय दोन फुटांचा चौकोन, दोन हात मारून, दोन वेगवेगळ्या भिंतींवर, त्यातला एक फरशीला लागून आणि एक दाराच्या चौकटीला लागून. दोन दिवस ठेवा. सकाळी बघा, दुपारी बघा, संध्याकाळी पश्चिमेचं तांबूस ऊन आत आल्यावर बघा आणि रात्री दिवा लावून बघा. घरातल्या सगळ्यांना बघू द्या, नाहीतर काम झाल्यावर "मी तेव्हाच म्हणलं होतं" ऐकावं लागतं.

दोन शेडमध्ये अडकलात तर फिकी घ्या. चारही भिंती एकमेकींवर रंग फेकतेत त्यामुळं अख्खी खोली झाल्यावर रंग चौकोनापेक्षा गडद आणि जास्त पिवळा वाटतो. खिडकी लहान असंल तर शेडचं एलआरव्ही बघा, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा, ६० च्या वर असलेला बरा.

फिनिशचं एका वाक्यात सांगायचं तर मॅट भिंतीचे दोष झाकतो पण हाताचे डाग धरतो, चमकदार उलटं. हॉल आणि पॅसेजला धुता येईल असा, थोडी चमक असलेला, बेडरूमला मॅट.

टप्पा ७: माप आणि खरेदी

खोली १० बाय १२, उंची १० फूट धरू. चार भिंतींची लांबी मिळून ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४०. एक दार ३ बाय ७ म्हणजे २१, एक खिडकी ४ बाय ४ म्हणजे १६, वजा केले की ४०३ चौरस फूट, म्हणजे चार ब्रास (१०० चौरस फुटांचा एक ब्रास). चांगल्या पुट्टीच्या भिंतीवर इमल्शनचा (म्हणजे प्लास्टिक पेंटचा) एक लिटर दोन हातांसाठी साधारण १०० चौरस फूट धरा, डब्यावर जास्त लिहिलेलं असतं पण हिशोब १०० चाच करा. म्हणजे चार लिटर अगदी काठावर, म्हणून एक लिटर वर घ्या.

सगळे डबे एकाच दिवशी, दुकानातल्या शेड मिसळायच्या एकाच मशीनवरून. नंतर आणलेल्या डब्यात उन्नीस-बीस फरक येतो आणि बेजमध्ये तो दिसतो. घरी आल्यावर एका भिंतीसाठी लागणारे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र करून ढवळा. पेंटरशी आधीच ठरवा की मापात दारं-खिडक्या वजा होणार का नाही, भांडणं इथंच होतेत.

टप्पा ८: रंग लावणं

क्रम असा: छत, मग भिंती वरून खाली, मग दारं-खिडक्या, सगळ्यात शेवटी स्कर्टिंग. छताला निळसर पांढरा नको, त्यानं बेज मळका दिसतो, मोतिया किंवा ऑफ व्हाइट घ्या.

कडा आधी दोन-अडीच इंची ब्रशनं, आणि त्या वाळायच्या आत रोलर. अख्ख्या घराच्या कडा सकाळी मारून ठेवायच्या आणि रोलर दुपारी फिरवायचा ही पद्धत फोटोच्या चौकटीसारखी रेघ सोडते. एक भिंत धरली की एका दमात संपवा, थांबायचं तर कोपऱ्यावर. जेवायला जायचं असंल तर भिंत संपवून जा किंवा जेवून आल्यावर धरा, मध्ये सोडलेली कड वाळली की तिथं कायमचा जोड दिसतो. रोलर चालू असताना पंखा बंद, रस्त्याकडची खिडकी बंद, आपल्याकडची धूळ ओल्या रंगावर बसली की खरखर तशीच राहते. भिंत झाली की मग खिडक्या उघडा.

पहिल्या हाताला रंग कमी झाकला म्हणून घाबरून तिथंच परत परत रोलर फिरवू नका. चार-सहा तास वाळू द्या, दुसऱ्या हातात बसतो. शेवटचा रोलर सगळीकडं एकाच दिशेनं, वरून खाली, दाब न देता. मास्किंग टेप रंग थोडा ओला असतानाच तिरका ओढून काढा.

तपासा: दुसऱ्या हातानंतर रात्री परत टॉर्च. आता ठिगळ मारायचं असंल तर ब्रशनं नाही, त्याच रोलरनं, ब्रशचा पोत वेगळा दिसतो.

टप्पा ९: सामान परत लावताना

महिनाभर भिंतीला ओलं फडकं लावू नका, रंग वरून वाळला तरी पूर्ण पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

आपण भिंतीला टेकून बसणारी माणसं. बेज भिंतीवर सहा महिन्यांत डोक्याच्या उंचीवर तेलाचे गोल डाग दिसायला लागतेत, जिथं आजोबा पेपर वाचतेत तिथं एक, जिथं टीव्ही बघतेत तिथं एक. तिथं लोड-तक्के उंच ठेवा किंवा भिंतीवर कापड टांगा. हिमरूचा तुकडा असंल तर बेजवर तो इतका उठून दिसतो की डाग झाकायला लावलाय हे कुणाच्या लक्षात येत नाही. पडद्यांना विटकरी, मेंदी किंवा गर्द निळा चालतो, भिंतीच्याच रंगाचे पडदे घेतले की खोली सपाट होते. देवघराच्या मागं समईची काजळी बसतेच, तिथं टाइल किंवा लाकडी फळी लावून मोकळं व्हा.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवला की आतल्या हवेनं त्यावर साय धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा आणि उन्हात गच्चीवर ठेवू नका. शेडचा नंबर, बेस, फिनिश आणि तारीख कागदावर लिहून माळ्याच्या दाराला आतून चिकटवा. डब्यावर लिहून ठेवलंत तर डबा धान्याला वापरला जाईल आणि नंबर घासून निघून जाईल. रंगाच्या डब्यात धान्य ठेवू पण नये, ते वेगळंच.